पासष्टची हवा

“पोरगी गुणाची हाय गं… पण तिचा पाय गाडीला मानवंना.”

सासूबाई हे थोरल्या जाऊबाईंना सांगत होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी.

“लग्नाला चार म्हैनं झालं. तीन टायर फुटलं. तिन्ही वेळंला ही गाडीत. आखाडाला माहेरी सोडू, आन् दिवाळीपातुर तिकडंच ऱ्हाऊ दे. तवर टायर टिकलं, तर समजलं.”

“आन् टिकलं, मग?” जाऊबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी चहासाठी हाक मारली.

चहा निवला होता. मी तो पुन्हा गरम केला आणि नेऊन दिला. परीक्षा टायरची होती, नापास मात्र मी होणार होते.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. पिकअपमध्ये मागं दीड टन आल्याची पोती, पुढं आम्ही तिघं. हे स्टिअरिंगवर, मी मधे, सासूबाई खिडकीशी. आधी मला माहेरी सोडायचं, मग माल बाजारात. सासूबाईंनी बंपरला लिंबू-मिरची बांधली होती, आणि पदराच्या गाठीत देवाचा अंगारा घेतला होता.

टायरबद्दल ह्यांना फार अभिमान. लग्नाच्या आठवड्यातच नवे घातले होते. कमर्शियल, दहा प्लायचे, म्हणजे दहा थरांचे. “हत्ती चढवला तरी काही होत नाही,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. हत्ती कोणी आणला नाही. टायर मात्र फुटत गेले आणि हे तसलेच पुन्हा घालत गेले.

निघताना हे नेहमीप्रमाणे मागच्या चाकांपाशी उकिडवे बसले. फुस्स… फुस्स… असा आवाज आला. मी गाडीत बसायच्या आधी दर वेळी तो येई. ड्रायव्हर लोकांचा काही नेम असेल, नारळ फोडतात तसा, असं मी धरून चालले होते.

फाट्याच्या अलीकडं जळक्या रबराचा वास आला. मला आधी आला. मग सासूबाईंना आला, आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

फाट्यावर दस्तगीरचाचांचं टायरचं दुकान आहे. पिकअप घेण्याआधी ह्यांनी दोन वर्षं तिथं पाने फिरवले होते. चाचा पत्र्याखाली खाटेवर बसून भाकरी खात होते. उठले नाहीत.

“चाचा, कंपनीनं माल खराब काढलाय,” हे उतरता उतरताच म्हणाले. “चौथा टायर चाललाय. दहा प्लायचा!”

“आन् चारी वेळंला ही गाडीत,” सासूबाई उतरत म्हणाल्या.

“बरं.”

“बरं काय? तुम्ही बघा तरी.”

चाचांनी शेवटचा घास संपवला. हात धुतले. मागच्या चाकापाशी आले आणि ओला तळहात टायरवर ठेवला. चटकन उचलला.

“आता तू ठेव.”

ह्यांनी ठेवला आणि तितक्याच चटकन काढला.

चाचांनी हवा मापली. “बेचाळीस. तापल्यावर हवा वाढती, तरी बेचाळीस.”

“पंक्चर असंल.”

“असंल.”

माल तसाच ठेवून त्यांनी जॅक लावला, चाक काढलं आणि पाण्याच्या हौदात सोडलं. हळूहळू फिरवू लागले. आम्ही तिघं हौदाभोवती वाकून बुडबुड्याची वाट बघत होतो.

चाक एक पूर्ण फेरा फिरलं.

एकही बुडबुडा आला नाही…

“मग हवा गेली कुठं रं, सुयोग?” चाचांनी ह्यांना विचारलं.



चाचा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. “पुढच्या दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हच्या टोप्या चिखलानं बुजल्यात. मागच्या दोन्ही लखलखीत. सारखं कोण उघडतं?”

हे लिंबू-मिरचीकडं बघत राहिले.

“तुझी बायको गाडीत नसती तवा हवा किती?”

“पासष्ट.”

“आन् असती तवा?”

“आरं, तुला इचारतोय.”

“गाडी लई आदळती, चाचा.” ह्यांचा आवाज हत्तीवाला नव्हता. “टायर कडक हायेत. पहिल्यांदा देवाला गेलो तवा हिचं डोकं दोनदा टपाला लागलं. ही बोलली नाही, पण टेंगूळ आलं होतं. मग म्हटलं, थोडी हवा कमी केली तर…”

“परत भरत हुतास?”

“कधी भरायचो. कधी माल लादायच्या घाईत ऱ्हायचं.”

मला फुस्स आठवलं. चार महिने मी त्याला नारळ समजत होते.

माझा हात आपोआप डोक्याकडं गेला. टेंगूळ केव्हाच बसलं होतं.

चाचांनी टायर रिमवरून उतरवला. बाहेरून दोन्ही कडा झिजलेल्या, मधली नक्षी कोरी करकरीत. मग त्यांनी आत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. रबराची काळी भुकटी. कमी हवेत, दीड टनाखाली चेपून आतल्या आत दळलेली.

“हात पुढं कर.”

ह्यांनी ओंजळ केली. चाचांनी ती भुकटी ह्यांच्या ओंजळीत घातली, प्रसाद घालावा तशी.

“दहा प्लायचा हाय ना? धाच्या धा थरांचा हा अंगारा.”

सासूबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथंच थांबला.

“म्हंजी,” त्या सावकाश म्हणाल्या, “माझा ल्योक बायकोच्या डोस्क्यापायी टायर फोडतुया?”

“आई…”

“तू गप ऱ्हा. चाचा, मी हिला दिवाळीपातुर माहेरी ठिवणार हुते. टायर टिकत्यात का बघाय.”

हे सासूबाईंकडं बघायला लागले. ह्यांना हा बेत आत्ताच कळत होता.

“ठिवा की, वैनी,” चाचा म्हणाले. “टिकतील. एकसुद्धा फुटायचा न्हाई.”

मी चमकून चाचांकडं पाहिलं. चाचा मात्र निवांत. नवा टायर रिमवर चढवत होते.

“पोरगी नसंल तर टायर टिकतील,” ते पुन्हा म्हणाले. “तुमचा हिशेब खोटा कुठं हाय?”

सासूबाई हौदाच्या काठावर बसल्या. मग त्यांना खुदकन हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी पदर तोंडाला लावला. पदराची गाठ सुटली आणि अंगारा हौदात सांडला.

हे ओंजळ तशीच धरून उभे होते. कुठं टाकावी, हे त्यांना सुचत नव्हतं.

चाचांनी चाक बसवलं, नट आवळले, आणि कॉम्प्रेसरची नळी ह्यांच्याकडं न देता माझ्यापुढं धरली. मापाची काडीही माझ्याच हातात दिली.

“आदळणार तू. तवा तू सांग, पोरी. हवा किती?”

तिघंही माझ्याकडं बघत होते. चार महिन्यांत एवढी माणसं एकदम माझ्या उत्तरासाठी कधी थांबली नव्हती.

“पासष्ट,” मी म्हणाले. “आखाड संपला की न्यायला या. येताना माहेराहून मी एक उशी घेऊन येईन.”