बाबांचे बूट

"टाकायचेच आहेत, तर पुसता कशाला, बुवा?"

नारायणबुवा पडवीत बसून त्या काळ्या बुटांवरची पांढरी बुरशी कोरड्या फडक्याने टिपत राहिले.

यशोधन तेंडोलकर पुण्यातली प्राध्यापकी सोडून कोकणातल्या बुवांच्या या मठीत कायमचा राहायला आला होता. पुस्तकं, कपडे, सगळं वाटून टाकल्याचं तो समाधानाने सांगत होता. वडील चैत्रात गेले होते. गावच्या बंद घरातून त्यांचे बूट तेवढे त्याने उचलले होते. ते नदीत सोडले, की शेवटचा पाश तुटणार होता.

बुवांनी बूट त्याच्याकडे सरकवले. ओलं फडकं घट्ट पिळून पुसायला सांगितलं, मग सावलीत ठेवायला. उन्हात कातडं तडकतं, म्हणाले. वाळल्यावर पॉलिश.

यशोधनने बूट पुसून सावलीला ठेवले. मग तेच फडकं घेऊन तो स्वतःच्या बुटांकडे वळला. ते स्वेडचे, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याचे होते, वाटेतल्या तांबड्या चिखलाने माखलेले.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"यांना पाणी नको. चिखल वाळू दे."

चामडं ते चामडंच, असं यशोधन पुटपुटला. पण थांबला.

चिखल वाळल्यावर बुवांनी मऊ ब्रश घेतला आणि लवेच्या कलाने हलकेच फिरवला. माती झडली. खालचा बदामी रंग वर आला.

"छान आहेत," बुवा म्हणाले. "कोणी घेतले?"

"बाबांनी. मला नोकरी लागली तेव्हा."

"आणि त्यांनी स्वतःला?"

यशोधनने काळा बूट उचलून उलटा केला. टाचेवर ठिगळ होतं, ठिगळावर दुसरं ठिगळ. आत पुठ्ठा कापून बसवलेला. वडील एसटीत कंडक्टर होते. सारा जन्म उभ्याने गेला. नवे घ्या म्हटलं, की म्हणायचे, हे पायाला बसलेत रे आता.

त्याने ते खरं मानलं होतं…

त्याने पॉलिशची डबी उघडली. शिवणीतून, घड्यांतून, जिथे चामडं चिरत आलं होतं तिथूनही तो बोटाने पॉलिश मुरवत राहिला. घाई नव्हती. मधेच डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले. संध्याकाळ झाली तेव्हा बुटांवर पडवीतल्या दिव्याचा उजेड दिसू लागला होता.

यशोधनने दोन्ही बूट कपाळाला लावले.

"बुवा… हे आता माझ्याच्याने टाकवणार नाहीत."

बुवांनी बुटांना हात जोडले.

"आज मिळाले तुला," ते म्हणाले. "आता टाकता येतील."