वाढवायला मुहूर्त लागत नाही

एकदा एका पेठेत एक दुकान होते, आणि ते भाड्याने घेऊन सात महिने झाले तरी उघडले नव्हते. आत सामान नव्हते म्हणावे, तर सगळे सामान होते. मालकाला काम येत नव्हते म्हणावे, तर त्याच्या तोडीचे काम त्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला येत नव्हते. सगळे अडले होते ते पहिल्या दिवसापाशी.

मालकाचे नाव रंगनाथ. पुस्तकांची बांधणी हा त्याचा व्यवसाय. तरुणपणी याच गावात तात्यांच्या हाताखाली तो ही विद्या शिकला, मग शहरातल्या एका छापखान्यात गेला आणि बावीस वर्षे मागच्या खोलीत बसून पुस्तके शिवत राहिला. गिऱ्हाईक पुढच्या दाराने येई आणि पुढच्या दारानेच जाई. रंगनाथला दिसत ते कागदाचे गठ्ठे. छापखाना बंद झाला तेव्हा तो गावी परतला. आईवडील गेलेले होते, लग्न राहून गेले होते, एकुलती बहीण दूर दिलेली होती. त्याने पेठेत एका भुसारी व्यापाऱ्याचा गाळा घेतला. दाभण, दोरा, खळीचे भांडे, पुठ्ठे, पुस्तक दाबायचा लाकडी शिकंजा असे सारे आत नेऊन ठेवले, आणि बाहेरून सात फळ्या लावून टाकल्या.

उघडायचे ते मुहूर्तावर, हे ठरलेले होते. गुढीपाडव्याला त्याने नारळ आणला. पण त्या दिवशी पाटी रंगवून झाली नव्हती. अक्षय्य तृतीयेला पाटी तयार होती, नारळही आणला. पण त्या दिवशी त्याला बरे वाटेना. गणेशचतुर्थीला तर काहीच अडचण नव्हती, तरीही संध्याकाळ झाली. तिन्ही नारळांची चटणी त्याने एकट्याने खाल्ली. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असे त्याला पुष्कळांनी सांगितले. काठावर उभे असलेले लोक हे फार छान सांगतात.

खरे कारण त्याने कोणाला सांगितले नव्हते, ते आपण समजून घेऊ. दुकान सुरू करायचे म्हणजे चार माणसे बोलवावी लागतात, पेढा द्यावा लागतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी रंगनाथने बोलवायच्या माणसांची यादी करायला घेतली. तात्या सोडले तर चार नावे आठवली. त्यातले दोघे हयात नव्हते, एक मुलाकडे परगावी गेला होता, आणि चौथ्याशी तो बावीस वर्षांत बोललेला नव्हता. कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. आपल्याला कोणी नाही, हे त्याला ठाऊक होते आणि त्याची त्याला सवयही होती. पण भर पेठेत, पेढ्यांचे ताट हातात धरून ते सगळ्यांना दिसावे, ही कल्पना त्याला सहन होईना. माणूस नुकसान सोसतो, उपहासही सोसतो. आपले एकटेपण चव्हाट्यावर येणे मात्र त्याला फार जड जाते.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली आणि व्यापारी त्याच्या खोलीवर आला.

"रंगनाथ, भाडं तू वेळेवर देतोस, त्याबद्दल माझं म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण पेठेत एक दार कायम बंद, हे बरं दिसत नाही. लोक मला विचारतात. प्लास्टिकच्या बादल्यांचा एक व्यापारी मागतोय गाळा. त्याला घटस्थापनेला बसायचंय. सर्वपित्रीपर्यंत तू उघडलंस तर तुझा, नाहीतर किल्ली दे."

अट न्याय्य होती, पण पेच विलक्षण होता. सर्वपित्री अमावास्येपर्यंतचे सारे दिवस पितृपक्षाचे. त्या पंधरवड्यात आपल्याकडे नवे काही सुरू करत नाहीत. साधी चप्पलसुद्धा घेत नाहीत. उघडण्यासाठी जेवढे दिवस उरले होते, त्यांतला एकही उघडण्याचा नव्हता. रंगनाथला दुःख झाले, आणि कबूल करायला हवे, थोडे हायसेही वाटले. आता दोष त्याचा नव्हता, पंचांगाचा होता. शहरात एका गोदामावर पहारेकऱ्याची जागा होती. ती धरायची असे त्याने ठरवले आणि निरोप घ्यायला तो तात्यांकडे गेला.

तात्या आता ऐंशीच्या पुढे होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी काम सोडले होते, आणि गावाबाहेरच्या दत्तमंदिरामागे एका खोलीत ते एकटेच राहत. शिष्याचे सगळे बोलणे त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "दुकान वाढवलंस का?"

आपल्या भाषेची ही रीत सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी दुकान बंद केले असे म्हणत नाहीत, वाढवले म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी पिचली तरी ती वाढली म्हणायचे. अशुभ शब्द तोंडून जाऊ नये, म्हणून पूर्वजांनी केलेली ही सोय आहे.

रंगनाथ म्हणाला, "तात्या, ते अजून उघडलंच नाही."

"ते मी विचारलं नाही. वाढवल्याशिवाय दुकानदारानं गाव सोडू नये. चल."

"पण आता पितृपक्ष आहे."

"उघडायला मुहूर्त लागतो," तात्या काठी शोधत म्हणाले. "वाढवायला कोणी कधी पंचांग बघितलंय?"

हे बोलणे रंगनाथला वेड्यासारखे वाटले. पण गुरूला उलट उत्तर देण्याची त्याला सवय नव्हती. दोघे पेठेत आले. दिवेलागणीची वेळ होती. वाढवायचे तर आधी फळ्या काढाव्या लागणार, म्हणून त्याने सातही फळ्या काढल्या. तात्या पायरीवर बसले आणि आत पाहत म्हणाले, "झाडून घे. दाभण, दोरा, पुठ्ठे, सगळं बाहेर बैठकीवर मांड."

"वाढवायचंय ना? मग मांडू कशाला?"

"जे मांडलं नाही, ते आवरणार काय?"

रंगनाथने हत्यारे मांडली. थोडा वेळ ती तशीच राहू दिली. मग एकेक करून आत नेली, केर काढला, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि फळ्या लावल्या. तात्या काठी टेकत आपल्या खोलीकडे गेले. रंगनाथला वाटले, निरोप झाला.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताना तात्या पुन्हा त्याच्या दारात उभे. "दुकान वाढवायचं ना?"

"कालच वाढवलं की."

"दुकान रोज वाढवतात, रंगनाथ. एकदाच वाढवतात, त्याला वेगळा शब्द आहे."

तो वेगळा शब्द त्यांनी उच्चारला नाही, रंगनाथनेही विचारला नाही.

असे रोज सुरू झाले. पण कामालाही आपली एक ओढ असते. चौथ्या दिवशी तात्या म्हणाले, नुसती हत्यारे आवरण्यात अर्थ नाही, आवरायला काही पसारा हवा. त्यांनी पिशवीतून आपली जीर्ण पोथी काढली. ती उसवून पुन्हा शिवायची तर उजेड हवा, म्हणून पाचव्या दिवशी दोघे तिसऱ्या प्रहरीच आले. खळ शिजवायला वेळ लागतो, म्हणून सहाव्या दिवशी दुपारी आले. रंगनाथ मान खाली घालून शिवत असे. रस्त्याकडे तो बघत नसे, पण रस्ता त्याच्याकडे बघू लागला होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी, तो हत्यारे आत नेत असताना समोरून आवाज आला, "रंगनाथभाऊ, वाढवलं का?"

समोर द्वारकाबाई कासारणीचे बांगड्यांचे दुकान होते. ती आपल्या काचेच्या पेट्या आत घेत होती. या प्रश्नात विशेष काहीच नव्हते. पेठेत दर संध्याकाळी एक दुकानदार दुसऱ्याला हेच विचारतो आणि उत्तराची वाटही पाहत नाही. पण गेल्या सात महिन्यांत रंगनाथला कोणी आपणहून काही विचारले नव्हते. तिला आपले नाव ठाऊक आहे, हेही त्याला ठाऊक नव्हते.

"वाढवतोय," तो म्हणाला. ते पलीकडे पोचले की नाही, कोण जाणे. त्या रात्री त्याला नीट झोप लागली.

बाराव्या दिवशी शेवटची फळी त्याच्या हातात असताना द्वारकाबाई पदराआड काहीतरी घेऊन लगबगीने आली.

"जरा थांबा, वाढवू नका," ती म्हणाली. "ही आमच्या आईच्या हातची वही. आरत्या आहेत, जोगवे आहेत. पानं सुटलीत सगळी. नवरात्रात जागराला लागते. आई होती तोवर पाठ होतं तिला, आता आमचं वहीवाचून अडतं. होईल का काही?"

रंगनाथने वही उघडली. कडा तुपाच्या बोटांनी पिवळ्या झाल्या होत्या. कोणीतरी ती साध्या सुईने दोनदा शिवायचा प्रयत्न केलेला होता. बावीस वर्षांत त्याने हजारो पुस्तके बांधली होती, पण त्यांतले एकही कोणाचे होते असे त्याला वाटले नव्हते. त्याने पाने जुळवून पाहिली आणि तो म्हणाला, "होईल. पानं जपून ठेवलीत, चांगलं केलंत. उद्या या. दहानंतर."

ती गेली. मग आपण काय बोललो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने तात्यांकडे पाहिले. तात्या पायरीवर बसून रस्त्यावरची माणसे पाहत होते.

उद्या म्हणजे पितृपक्षातली त्रयोदशी. पाटी अजून आतच भिंतीला टेकलेली. नारळ नाही, पेढे नाहीत, बोलावलेले कोणी नाही. पण कोणीतरी येणार होते, म्हणून सकाळी साडेनऊला रंगनाथ एकटाच गेला आणि त्याने फळ्या काढल्या. तात्या आले नाहीत. दहा वाजले, साडेदहा वाजले. रात्री शिवून दाबून ठेवलेली वही तयार होती. अकरापर्यंत त्याने तीनदा हत्यारे पुसली. ती आली नाही तर काय, हा विचार त्याच्या मनात पुनःपुन्हा येत होता, आणि तरीही फळ्या लावून घ्याव्यात असे एकदाही वाटले नाही. साडेअकराला द्वारकाबाई आली. तिने वही उघडून पाहिली, मिटून छातीशी धरली, आणि "आईची वाटते पुन्हा" एवढेच म्हणाली.

सर्वपित्रीच्या दिवशी व्यापारी किल्ली मागायला आला. त्याच्यासोबत बादल्यांचा व्यापारीही होता. सातही फळ्या काढलेल्या, आत खळीचे भांडे चढवलेले आणि शाळेतले एक मास्तर दोन फाटके शब्दकोश घेऊन उभे, असे दृश्य त्यांना दिसले.

"पितृपक्षात दुकान उघडलंस?" व्यापाऱ्याने विचारले.

"उघडलं नाही, शेठ," रंगनाथ म्हणाला. "रोज फक्त वाढवतोय."

व्यापाऱ्याने खळीच्या भांड्यात डोकावून पाहिले. मग बादल्यांच्या व्यापाऱ्याचा हात धरून तो म्हणाला, "चला, तुम्हाला पलीकडच्या आळीतला गाळा दाखवतो."

त्या संध्याकाळी रंगनाथ तात्यांच्या खोलीवर गेला. त्याने विचारले, "तात्या, तुम्ही मला उघड असं एकदाही म्हणाला नाहीत. का?"

तात्या म्हणाले, "म्हटलं असतं तर तू चौथा नारळ आणला असतास. तू दुकानाला भीत नव्हतास, पहिल्या दिवसाला भीत होतास. पहिल्या दिवशी माणसं लागतात, असं तुझ्या मनानं घेतलं होतं. अरे, सकाळी फळी काढताना प्रत्येक जण एकटाच असतो. मी चाळीस वर्षं काढली, शेजारी कोणी उभं नव्हतं. माणसं मागाहून येतात. तीही आपल्याकडे बघून येत नाहीत, हातातल्या फाटक्या वहीकडे बघून येतात. त्यात आपलं कोणी नाही, हे बघायला कोणाला सवड आहे? तुला उघडता येत नव्हतं, म्हणून मी तुला दुसऱ्या टोकानं आत नेलं. रोज संध्याकाळी जो वाढवतो, त्याला सकाळी उघडावंच लागतं."

मग गुडघ्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "उद्यापासून मी येणार नाही. गुडघे दुखतात."

दुकान चालले. फार मोठे झाले नाही. बांधणीचे दुकान ते किती मोठे होणार. रंगनाथचे घरही होते तसेच राहिले. एक ताट, एक वाटी, रात्री बोलायला कोणी नाही. हे मी लपवणार नाही, कारण धंदा सुरू केल्याने एकटेपण जाते असे सांगणारा खोटे बोलतो.

पण पौषात एकदा त्याला ताप भरला. सकाळी उठवेना, म्हणून तो तसाच पडून राहिला. छापखान्यात असताना असा कितीदा तरी पडून राहिला होता. बरे वाटले की आपला आपण उठून कामाला जाई आणि कोणी काही विचारत नसे. त्या दिवशी अकराच्या सुमारास दारावर थाप पडली. त्याने कसेबसे दार उघडले. बाहेर द्वारकाबाई होती, तिच्या हातात पेजेचा डबा होता. मागे शाळेतले मास्तर होते आणि त्यांच्याही मागे व्यापारी, गोंधळून उभा.

"दुकान उघडं दिसलं नाही," द्वारकाबाई म्हणाली, "म्हणून आलो."

 रंगनाथने दाराची चौकट घट्ट धरली आणि तो बाजूला झाला, त्यांना आत येऊ देण्यासाठी.

आपले दार आज बंद आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे, असे वाटत असेल, तर ते आधी कधीतरी उघडलेले असावे लागते.