घरट्यातला चिखल

ओढ्यावर झुकलेल्या एका बाभळीवर एक सुगरण राहत असे. विणकामात तिचा हात धरणारं त्या रानात कुणी नव्हतं. आसपासचे पक्षी तिच्याकडूनच घरटी विणून घेत. काम वाढलं तशा तिने हाताखाली दहा-बारा विणकरणी ठेवल्या. मग ती स्वतः विणेनाशी झाली आणि उंच फांदीवर बसून नुसती देखरेख करू लागली. मुलांनो, उंच बसलं की एक वाईट खोड लागते. सगळं दिसतं म्हणजे सगळं कळतं, असं वाटायला लागतं.

विणकरणींत एक म्हातारी होती. घरटं अर्धं झालं की ती ओढ्यावरून ओल्या चिखलाचे गोळे आणून आतल्या भिंतींना थापत बसे. सुगरणीची आईही तसंच करायची, आणि आईने केलं म्हणून सुगरणही करत आली होती. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. एके सकाळी मात्र ती करवादली, "मावशी, गवताच्या घराला हा चिखल कशाला? अर्धा दिवस त्यातच जातो!" म्हातारीने उत्तराला चोच उघडली, पण सुगरणीला उत्तर नकोच होतं. "असू दे, असू दे. उद्यापासून चिखल बंद!"

घरटी भराभर होऊ लागली, तशी सुगरण स्वतःवरच खूश झाली. बिनचिखलाचं पहिलं घरटं एका मुनियेने घेतलं. तिची ती पहिलीच अंडी. "ताई, घर जरा जास्तच झुलतंय हो," ती दोनदा येऊन सांगून गेली. "अगं, झुलू दे की! पिल्लांना आयता पाळणा झाला!" सुगरण हसत म्हणाली. मुनियाही बिचारी हसली.

आषाढात वारा सुटला. चिखल थापलेली जुनी घरटी जेमतेम हलली. मुनियेचं हलकं घरटं मात्र पार उलटंपालटं झालं आणि त्याच्या दाराच्या लोंबत्या नळीतून अंडी खाली ओढ्यात गेली. सुगरण समोरच होती, पण पंख असून तिला काही करता आलं नाही. वारा पडल्यावर ती म्हातारीपाशी गेली.

"मावशी, चिखल कशासाठी असतो गं?"

"वजनासाठी, पोरी. घर जड असलं की वाऱ्याला दाद देत नाही."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगतच होते की. तू ऐकून घेतलंस कुठे?"

सुगरणीची मान खाली गेली. चिखल त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला. आता ती सगळ्यांना सगळं विचारते आणि उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसते. मुनियेला मात्र, अंडी किती होती, एवढं तिला अजून विचारवलेलं नाही.

तात्पर्य : ज्याच्या हाताखाली चार जण राबतात, त्याने कुतूहल कधी सोडू नये; त्याने न विचारलेल्या प्रश्नाची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.