कडब्याचे तेल

एकदा एका वृद्ध रसायनशास्त्रज्ञाने ऐन यशाच्या क्षणी आपलीच भट्टी विझवली.

लोक त्यांना गुरुजी म्हणत. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी शेतकरी जाळून टाकतात. तिच्यापासून इंधन करावे, हा गुरुजींचा ध्यास. पऱ्हाटी भट्टीत तापवली की आंबूस, डांबरासारखे तेल निघे, आणि ते कोणत्याही इंजिनाला चालत नसे. त्यांची शिष्या मैथिली हिने मोठ्या कष्टाने एक उत्प्रेरक तयार केला. भट्टीतली वाफ त्याच्यावरून गेली की शुद्ध होऊन तिचे निर्मळ तेल बने.

एका व्यापाऱ्याने कारखाना उभारून दिला. पहिल्याच दिवशी नळीतून मधासारखे तेल ठिबकू लागले. टाळ्या वाजल्या. गुरुजी मात्र मागच्या अंगणात जाऊन आले आणि त्यांनी भट्टी बंद केली.

मैथिलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "गुरुजी, माझ्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवलंत तुम्ही!"

"अंगणात ये," ते म्हणाले.

अंगणात ज्वारीच्या कडब्याची गंज रचलेली होती. फाटकाशी एक बाई दोन हडकलेल्या म्हशी धरून उभी होती. "बाजारात पेंढीसुद्धा उरली नाही, बाबा. सगळा कडबा इकडंच येतोय. ह्यांना काय घालू?"

मागोमाग आलेला व्यापारी हसला. "पऱ्हाटी उपटा, तोडा, बारीक करा, एवढा खटाटोप कोण करणार? कडबा आयता मिळतो. इंधन तर शुद्धच निघतंय ना?"

"मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढलात, आणि त्याला शुद्ध म्हणता?" गुरुजी म्हणाले. मग ते मैथिलीकडे वळले. "पोरी, उत्प्रेरकाला विवेक नसतो. पऱ्हाटीची वाफ असो की कडब्याची, तो आपलं काम चोख करतो. भट्टीत काय जातंय हे पाहणं त्याचं काम नव्हे. ते आपलं होतं."

मैथिलीची मान खाली गेली. सकाळपासून तिचे डोळे नळीवर खिळले होते. अंगणात ती फिरकलीही नव्हती. आता तिचा संताप तिच्यावरच उलटला. व्यापारी "अहो, अहो" करत असताना तिने गंजीवरच्या पेंढ्या ओढल्या आणि म्हशींपुढे टाकल्या.

व्यापाऱ्याने पाठ फिरवली. पुढे एका लहानशा भट्टीत पुन्हा पऱ्हाटी पेटली. उत्प्रेरक कारखान्यातच राहिला होता; घाईने केलेल्या नव्यातून पहिले तेल काळे आले. मैथिली न चिडता उत्प्रेरक सुधारायला बसली.

कोणतीही वस्तू शुद्ध म्हणून समोर आली, तर ती कोणाच्या तोंडातून काढून आणली, एवढे तरी विचारावे.