घोटाघोटात औषध

एका जंगलात तरसांचं राज्य होतं. राज्य लोकशाहीचं होतं, म्हणजे दर पाच वर्षांनी सगळे प्राणी मतदान करत आणि मग दणकटराव तरस राजा होत असत.

राजाचे मेहुणे रंगराव. त्यांचं ओढ्याच्या काठी कोंबड्यांचं शेड होतं. आत चाळीस हजार कोंबड्या. त्यांना रोज सकाळी खाद्यातून जंतू मारायचं औषध मिळे. आजारी एकही नव्हती. पण धडधाकट कोंबडीनं औषध खाल्लं की ती लवकर जाड होते, असं रंगरावांना कुणीतरी सांगितलं होतं. कोंबडीला विचारायची पद्धत नव्हती.

औषधातलं बरंचसं कोंबडीच्या पोटातून जसंच्या तसं खाली येई. ती घाण निम्मी ओढ्यात जाई. उरलेली खत म्हणून पोत्यांत भरून ‘राजाची भेट’ या नावानं कुरणांवर फुकट पसरत. पोत्यावर राजाचा हसरा फोटो असे.

ओढ्याच्या खालच्या अंगाला तानूबाई पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. इतकं लहान, की मतदारयादी वाचणाऱ्याला ते कधी दिसतच नसे. तिच्या पोराच्या, चिंगूच्या, खुरात बाभळीचा काटा गेला. पाय टम्म सुजला. तानूबाईनं त्याला साळूबाई साळिंदरीकडे नेलं. साळूबाई जंगलातली एकुलती एक डॉक्टर. सुया पाठीवरच उगवत असल्यामुळे तिची पदवी कुणी तपासली नव्हती.

साळूबाईनं औषध दिलं. चार दिवसांत सूज गुडघ्यापर्यंत चढली.

“औषध शिळं होतं का गं, बाई?” तानूबाईनं घाबरून विचारलं.

“ताजं आहे. थांब, त्यांनाच विचारते.” साळूबाईनं जखमेतला पू पळसाच्या पानावर घेतला आणि त्यावर वाकली. “काय रे, मरत का नाही तुम्ही?”

“या औषधानं?” पानावरचे जंतू हसले. “बाई, हे आम्ही ओढ्यातून रोज पितो. ज्यांना सोसलं नाही ते आजोबा मेले. ज्यांना सोसलं त्यांची आम्ही नातवंडं.”

साळूबाई ते पान घेऊन तडक दरबारात गेली. मागोमाग पोराला पाठीवर घेऊन तानूबाई.

“महाराज, रंगरावांच्या शेडमधलं औषध ओढ्यात आणि मातीत उतरलंय,” साळूबाई म्हणाली.

राजानं कान टवकारले. “म्हणजे ओढ्याच्या पाण्यात औषध आहे?”

“आहे.”

“प्रत्येक घोटात?”

“थोडं थोडं. म्हणूनच तर—”

राजा उभा राहिला. राजा उभा राहिला की समोरच्यांनी ऐकायचं असतं. “बंधूंनो आणि भगिनींनो! आधीच्या राजांनी ओढ्यातून तुम्हाला काय दिलं? नुसतं पाणी! आम्ही औषध देतोय! तेही फुकट! तेही न मागता!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुपारपर्यंत ओढ्यावर फलक लागला: ‘घोटाघोटात औषध योजना’. उद्‌घाटनाला राजा नारळपाणी प्यायला.

“महाराज, माझ्या पोराचा पाय?” तानूबाईनं विचारलं.

“पायाचं खातं वेगळं आहे,” राजा म्हणाला.

तेवढ्यात पानावरून आवाज आला, “आम्हीपण इथलेच रहिवासी आहोत. आम्हाला मत नाही?”

“तुम्ही किती जण?” राजानं न बघताच विचारलं.

“या पानावर चार कोटी. तुमचं भाषण होईपर्यंत आठ.”

राजा सिंहासनावरून उतरला आणि पानासमोर हात जोडून बसला. “मायबाप,” तो म्हणाला.

त्या वर्षीची निवडणूक फार उत्साहात झाली. जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होत असल्यामुळे मतमोजणी संपेचना. शेवटी निवडणूक अधिकारी कासव कंटाळलं आणि त्यानं दणकटरावांना ‘मोजता न येणाऱ्या मतांनी’ विजयी घोषित केलं. विरोधकांनी हरकत घेतली. ते मात्र मोजता आले. तिघं होते.

तानूबाई मतदानाला नव्हती. साळूबाईनं तिला सांगितलं होतं, “औषधाचे दिवस संपले. मी सुईनं पू काढते. तू शेडच्या वरच्या अंगाला झरा आहे ना, तिथलं पाणी आण. उकळून, दिवसातून तीनदा धुवायचं.” तानूबाई रोज वाळक्या दुध्याचा पोकळ तुंबा गळ्यात अडकवून चढण चढायची. बाविसाव्या दिवशी चिंगूनं पाय टेकला. तेविसाव्या दिवशी तो तुंब्यावर पडला आणि तुंबा फुटला. तानूबाई इतकी खूश झाली, की रागवायचं विसरली.

इकडे राजाची विजयी मिरवणूक निघाली. कमानीचं कंत्राट रंगरावांकडे होतं, त्यामुळे कमान बाभळीची होती. राजाच्या पंजात काटा गेला. चार दिवसांत पंजा भोपळ्याएवढा झाला.

साळूबाईनं तपासून मान हलवली. “महाराज, आत तुमचेच मतदार आहेत. औषध लागू पडायचं नाही.”

“मग त्या पिसोरीचं पोर कसं बरं झालं?”

“झऱ्याच्या पाण्यानं. मेहुण्यांच्या शेडच्या वर आहे. चढून जावं लागतं.”

राजाला चढता येईना. त्यानं तानूबाईला बोलावलं. “तानूताई, दोन तुंबे आणतेस का गं आमच्यासाठी?”

तानूबाईनं नम्रपणे मान झुकवली. “पाण्याचं खातं वेगळं आहे, महाराज.”

राजानं मग पंजा उशीवर ठेवून त्याला उद्देशून पाऊण तास भाषण केलं. आतल्या जंतूंनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीही जागचं हललं नाही.

पुढच्या निवडणुकीला जंतू स्वतःच उभे आहेत. त्यांचा जाहीरनामा एका ओळीचा आहे: ‘तुम्ही काहीही करा, आमच्यावर परिणाम होणार नाही.’ म्हाताऱ्या मतदारांना त्यात नवीन काही वाटलं नाही. या वेळी कुणीतरी ते लेखी दिलं, एवढंच.