ज्याची हद्द, त्याची तहान

एका राज्यात राजा एकच होता, पण हुकूम तिघांचे चालत. तिघेही जादूगार. भूमिसेनाकडे जमीन, जलसेनाकडे पाणी, मार्गसेनाकडे रस्ते. प्रजेची सोय व्हावी म्हणून राजानं तिघे नेमले आणि आपण निवांत झोपला. झाली सोय! एकानं मंत्रानं पाट काढावा, दुसऱ्यानं त्यावरूनच रस्ता न्यावा आणि तिसऱ्यानं खालची जमीनच सरकवावी.

विणकर आळीच्या तोंडाशी तिघांच्या हद्दी एकमेकींवर चढल्या होत्या. तळ्याचं पाणी तिथवर येऊन माघारी फिरे. डोक्यावरून आणलेली घागरही ती जागा ओलांडताच रिकामी होई. निम्मी आळी घरं सोडून गेली. म्हाळसा राहिली, कारण तिची लेक तापानं फणफणली होती आणि तिला हलवणं शक्य नव्हतं. पोर पाणी मागत होती.

म्हाळसा जलसेनाकडे गेली. तो म्हणाला, आधी जमिनीचा होकार आण. भूमिसेन म्हणाला, रस्त्याचा आण. मार्गसेनानं तिला पुन्हा पाण्याकडे पिटाळलं. ती जलसेनाच्या दारी परत उभी राहिली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, ती आळी आमच्या हद्दीतच नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या वाटेवर वठलेल्या चिंचेवरून साळुंकी बोलली.

"म्हाळसे, पहिल्या राजाचा शाप आहे. ज्याची हद्द, त्याची तहान. म्हणून द्यायच्या वेळी कुणी हद्द सांगत नाही."

"मग कधी सांगतात?"

"अडवायच्या वेळी."

म्हाळसेनं घरातली कुदळ उचलली आणि भर दुपारी आळीच्या तोंडाशी घाव घातला. पहिल्याच घावाला तिघे आकाशातून खाली उतरले. एवढी चपळाई त्यांच्या अंगात आहे, हे नगराला त्या दिवशी कळलं.

"कुणाला विचारून खणतेस?" भूमिसेन गरजला.

"ही जागा कुणाच्या हद्दीत आहे? सांगा, त्याला विचारते."

"माझ्या," तिघे एकदम बोलले.

शब्द निघाला आणि आळीची सगळी तहान तिघांच्या घशात उतरली. जिभा टाळूला चिकटल्या. जलसेनानं कमंडलू तोंडाला लावला, तर पाणी ओठांपासून माघारी फिरलं.

म्हाळसा कुदळीवर हात टेकून उभी राहिली. "आळी प्यायली की तुम्ही प्याल. जा, एकमेकांचा होकार आणा."

कुणी कुठे गेलं नाही. एकानं जमीन उघडली, एकानं रस्ता बाजूला घेतला, एकानं तळं सोडलं. पाणी हद्दीच्या रेघा पुसत खळखळ आळीत शिरलं आणि शाप फिटला. म्हाळसेनं पहिली ओंजळ लेकीला पाजली. पोरीनं डोळे उघडले.

तिघे ओंजळी पुढे करून आले, तेव्हा म्हाळसेनं त्यांना रांगेच्या शेवटी उभं केलं. तिथे मात्र कुणी हद्दीचं नाव काढलं नाही.