मैथिलीवाचून अडलेला धडा

नाशिकच्या एका शाळेत शिरगोपीकर सर मुख्याध्यापक होते. आपल्या शिस्तीचा त्यांना भारी अभिमान. नववीतली मैथिली चिअरलीडिंगच्या राज्य स्पर्धेची तयारी करत होती. मुलींच्या मनोऱ्यात ती सगळ्यांत खालच्या थरात उभी राहायची. सरावापायी तिची हजेरी कमी भरली, तेव्हा सरांनी तिला भर वर्गात उभं केलं.

"परीक्षेला बसायचं असेल तर त्या उड्या बंद! तू ये नाहीतर नको येऊस, शाळेचं काही अडत नाही. इथे धडा कोणासाठी थांबत नाही."

मैथिली हळूच म्हणाली, "सर, तिथे थांबतात. खालची एक मुलगी जरी आली नाही, तरी आमच्या कोचताई कोणालाच वर चढू देत नाहीत. जिथे माझ्यावाचून अडतं, तिथे मी धावत जाते. इथेही एकदा अडू द्या ना, धावत येईन."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग फळ्यापाशी उभ्या वर्गशिक्षिकेला म्हणाले, "बाई, परीक्षेला बसेल ही. आणि उद्या ही आल्याशिवाय नवा धडा सुरू करू नका."

दुसऱ्या दिवशी शिपाई शाळा भरल्याची घंटा द्यायला आला, तेव्हा मैथिली बाकावर येऊन बसलेली होती.